पावतीपुरती सायकल

थंडी पडली की आमच्या हापिसातल्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय चालतो. थंडीत काय घालावं? मेरिनो लोकरीचं बनियन, वारा अडवणारं जाकीट, अर्धे हातमोजे की अख्खे, बुटांवरून चढवायचे मोजे (हो, असतात). मग कुणीतरी विचारतं की गारठ्यात टायरमध्ये हवा किती ठेवायची, आणि त्यावर रात्री बारापर्यंत चर्चा झडते. मी सगळं वाचतो. ही मंडळी विकांताला खरोखरच पहाटे उठून खडकवासल्यापर्यंत जाऊन येतात, नुसते फोटो टाकत नाहीत. त्यामुळे त्यांची टिंगल करायचा माझा हेतू नाही.

माझं भांडण वेगळं आहे. आपल्याकडे थंडीतल्या सायकलीबद्दल जे काही बोललं-लिहिलं जातं ते सगळं अशा माणसांसाठी, ज्यांना थंडीत सायकल चालवायची गरजच नाही. कंटाळा आला तर ती गादीत पडून राहतील, उशीर झाला तर कॅब बोलावतील. आणि ज्यांना डिसेंबरच्या काळोखात सायकल काढण्यावाचून इलाजच नाही, त्यांच्या सायकलची सीट किती उंचीवर आहे, ब्रेक लागतो का, मागे दिवा आहे का, हे कुणी विचारत नाही. त्यांना सायकल देणारं सरकार विचारत नाही आणि वर्षातून एकदा सायकली वाटून फोटो काढणाऱ्या तुमच्या-माझ्या कंपन्याही विचारत नाहीत.

मी बीडचा. नोकरी पुण्यातली, पण हायब्रिडच्या कृपेनं महिन्यातले दहा-बारा दिवस बीडहून काम करतो. तिथं असलो की माझी सगळी कामं सायकलवर होतात: दूध, भाजी, बँक, दळण, आणि सकाळी कामाला बसायच्या आधी पालीकडं एक फेरी. सायकल वडिलांची, काळी, बावीस इंची, गिअर वगैरे भानगड नसलेली. तेव्हा पुढे जे लिहितोय ते खोलीत बसून सुचलेलं नाही.

पहिल्यांदा थंडीचाच हिशोब करून टाकू. बीडला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, एखाद्या लाटेत त्याच्याही खाली जातो, आणि दुपारी परत तीसच्या आसपास. ताशी पंधराच्या वेगानं सायकल हाणली तर अंगावर येणारा वारा धरून दहा अंश साधारण आठासारखे लागतात. म्हणजे फरक दोन अंशांचा. कानटोपी, स्वेटर आणि हातात काहीतरी, एवढ्यावर काम भागतं. पहिली दहा मिनिटं कुडकुडायचं, मग अंग तापतं आणि स्वेटर नकोसा होतो. फिनलंडमध्ये औलू नावाचं गाव आहे. तिथं उणे पंधरा-वीस अंशांत शाळकरी पोरं सायकलनं शाळेत जातात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली तिथंच भरली. ती पोरं काही वेगळ्या मातीची नाहीत. तिथं सायकलच्या वाटेवरचा बर्फ सकाळी लवकर काढला जातो आणि वाटेवर दिवे असतात, इतकंच. 'आपल्याकडं थंडीत कोण सायकल चालवणार?' असं म्हणणाऱ्यांनी हा औलूचा विषय एकदा डोक्यात घ्यावा आणि थंडीला दोष देणं थांबवावं.

आमच्या जिल्ह्यात थंडी एकटी येत नाही, अडचण तिथं आहे. ती सोबत अंधार आणते, आणि ऊस आणते.

अंधाराचं गणित सोपं आहे. जानेवारीत आमच्याकडं सूर्य सातच्या सुमारास उगवतो. शनिवारची शाळा सकाळची. दहावी-बारावीच्या खासगी शिकवण्या तर सहाला सुरू होतात (हे बीड-लातूरकडचं वेड ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको). तीन-चार किलोमीटरवरून सायकलनं येणारी मुलगी साडेपाचला निघते. म्हणजे जाताना पूर्ण काळोख, वस्तीवरून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत एकही खांब नाही, आणि धुकं असेल तर वरून तेही.

आणि त्याच महिन्यांत उसाचं गाळप जोरात असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखाने पेटतात ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत. माजलगाव, गेवराई, केज, अंबाजोगाई, परळी या भागातल्या कुठल्याही रस्त्यावर या दिवसांत पहाटे उभं राहून पाहा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस रस्त्यावर आलेला, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रेडियम असलंच तर चिखलानं माखलेलं. ट्रॅक्टरवर डेक इतक्या जोरात की ड्रायव्हरला स्वतःचा हॉर्नही ऐकू येत नसेल. ट्रॉली पंक्चर झाली की ती रस्त्यातच उभी राहते, मागे चार दगड आणि उसाचं वाढं टाकलं की झाली सुरक्षेची सोय. टायर बदलून ट्रॉली निघून जाते. दगड मात्र तिथंच राहतात.

आता याच रस्त्यावर विनादिव्याची सायकल घाला. मागून येणाऱ्याला ती दिसत नाही आणि तिला पुढची उभी ट्रॉली दिसत नाही. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात साडेचार हजारांहून जास्त सायकलवर होती. अशा वेळी गाडीवाल्याचं एक ठरलेलं वाक्य असतं: 'दिसलाच नाही हो.' बऱ्याचदा ते खरंही असतं, आणि मला जास्त राग त्याचाच येतो. कारण दिसणं ही वीस रुपयांची गोष्ट आहे.

बरं, आमच्याकडं थंडीत सायकलवर कोण असतं? मुलं नसतात. मुलगा नववीत गेला की बापाची स्प्लेंडर घेऊन फिरतो. (परवाना नाही, हेल्मेट नाही, आणि घरच्यांना कौतुक.) सायकलवर असतात काही म्हातारे, दूधवाले, गवंडीकामावर जाणारे मजूर, आणि सगळ्यात जास्त मुली. आठवी ते बारावीच्या.

या मुलींच्या सायकलीला मी इतकं महत्त्व का देतोय? राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परत वाचा. जवळजवळ निम्म्या. आणि त्यात ऊसतोडीचा धागा आहे. दिवाळी झाली की आमच्याकडची लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. मुलगी आजीजवळ राहते, किंवा हंगामी वसतिगृहात, किंवा मग आईबापांबरोबर फडावर जाऊन भावंडं सांभाळते. गावात सातवी-आठवीपर्यंतच शाळा असेल, पुढची शाळा चार किलोमीटरवर असेल, आणि आजीला 'पोरीला एकटं कसं धाडू?' हा घोर असेल, तर त्या घरात पुढची चर्चा शाळेची होत नाही, स्थळाची होते.

इथं सायकलनं काय होतं याचा पुरावा आहे. बिहारनं २००६ साली नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेतल्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. फायदा सगळ्यात जास्त कुठं झाला? जिथं शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती तिथं. म्हणजे अंतर हाच अडथळा होता, आणि दोन चाकांनी तो हलवला. सायकलबद्दल इतकं ठोस काही सांगता येईल असं मला तो अभ्यास वाचेपर्यंत वाटलं नव्हतं.

आपल्याकडंही योजना आहे. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांतल्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. आधी ही रक्कम साडेतीन हजार होती, २०२२ मध्ये ती पाच हजार झाली. पैसे थेट खात्यात येतात, मुलीनं सायकल घ्यायची, पावती शाळेत जमा करायची. योजना चांगली आहे. ती बंद करा असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन.

पण बघा, ही योजना पावतीपाशी संपते.

आमच्या धंद्यात एक जुना रोग आहे. ग्राहक तक्रार नोंदवतो, त्याचं एक तिकीट तयार होतं. इंजिनिअर काहीतरी करतो आणि तिकीट बंद करतो. महिन्याच्या शेवटी साहेब मोजतात: इतकी तिकिटं उघडली, इतकी बंद झाली, शाब्बास. ग्राहकाचं काम झालं का, हे तिकिटात कुठंच नसतं. सायकलयोजनेत पावती म्हणजे बंद झालेलं तिकीट. सायकल विकत घेतली गेली हे त्या कागदावरून कळतं. ती मुलीच्या मापाची आहे का, जानेवारीच्या पहाटे ती चालते का, की ओसरीत कपडे वाळत घालायला उपयोगी पडते, हे त्या कागदावरून कळत नाही. आणि कागदावर नाही ते सरकारी भाषेत घडलेलंच नसतं.

गेल्या दोन हिवाळ्यांत मी आमच्या गल्लीतल्या आणि मावशीच्या गावच्या मुलींच्या वीस-पंचवीस सायकली हाताळल्या. हा काही सर्व्हे नव्हे, पण जे दिसलं ते सांगतो.

जवळजवळ प्रत्येक सायकलची सीट तळाला टेकवलेली होती. दुकानातून निघाली तशीच. वर करायची असते हे कुणी सांगितलंच नव्हतं. सीट खाली असली की गुडघा पूर्ण उघडत नाही, मांडीचा जोर पायडलवर पोचत नाही आणि दोन किलोमीटरमध्ये पाय भरून येतात. चार किलोमीटर रोज जाऊन-येऊन गुडघे दुखायला लागतात, मग आई म्हणते, 'सायकलनं पोरीचे पाय दुखतात, राहू दे.' माप काढायची रीत अगदी सोपी आहे: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची आणि पायडल सगळ्यात खाली न्यायचं. पाय सरळ झाला तर सीट बरोबर. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप येतो.

आमच्या भागातल्या सायकलवाल्या चाचांना मी विचारलं, तुम्ही विकतानाच सीट वर का करून देत नाही? ते म्हणाले, 'माँ-बाप बोलते, पाँव जमीन को लगना. मैं क्या करूं भैया?' त्यांचंही बरोबर आहे. नवशिकीला पाय टेकायचा धीर लागतो. म्हणून तर सायकल एकदा बसवून भागत नाही. पहिल्या महिन्यात खाली ठेवा, मग पंधरा दिवसांनी एक-एक बोट वर करा. आठवीतली मुलगी दहावीत जाईपर्यंत तिची उंचीही वाढलेली असते, सीट मात्र तिथंच. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण ते दर वर्षी करावं लागतं आणि ते कुणाचंच काम नाही.

दुसरी गोष्ट हवा. पुण्यातले मित्र ज्यावर रात्री बारापर्यंत वाद घालतात ते इथं खरोखर लागू पडतं. हवा गार झाली की तिचा दाब घटतो, हे अकरावीच्या भौतिकशास्त्रात असतं. दुपारी तीस अंशाला टायरमध्ये ४५ पौंड हवा भरली तर पहाटे दहा अंशाला ती साधारण ४१ भरते. त्यात व्हॉल्व्हची रबरी नळी जुनी असेल तर ती थोडी-थोडी सोडत राहते. शिवाय थंड हवा दाट असते आणि वंगण घट्ट होतं. म्हणजे हिवाळ्यात सायकल जड जाते ही पोरींची तक्रार निव्वळ आळसाची नाही, त्यात पदार्थविज्ञान आहे. उपाय काय? आठवड्यातून एकदा पंप मारणे. पण घरात पंप नाही, आणि गावातला पंक्चरवाला आता मोटारसायकली आणि ट्रॅक्टरचं काम करतो, सायकलच्या हवेत त्याला रस नाही. शाळेत सायकलींची रांग लागलेली असते, पण शाळेच्या मालकीचा एक पंप नसतो.

तिसरी गोष्ट ब्रेक. स्वस्त सायकलींच्या रिंगा स्टीलच्या, चकचकीत. कोरड्या असताना ठीक, पण ओल्या झाल्या की ब्रेकचं रबर नुसतं घसरतं. सायकल रात्रभर अंगणात असते, पहाटे रिंगेवर दव साचलेलं असतं, आणि नेमका त्याच वेळी वळणावर ट्रॅक्टर येतो. म्हणून सकाळी निघताना रिंग फडक्यानं पुसायची आणि दहा पावलांवर दोन्ही ब्रेक एकदा दाबून बघायचे. मी पाहिलेल्या सायकलींपैकी निम्म्यांचा एकच ब्रेक लागत होता, काहींची रबरं झिजून लोखंडाला लोखंड लागत होतं. रबराची जोडी बदलायला चहा-नाश्त्याएवढा खर्च येतो. तार ओढून घ्यायला तर काहीच नाही.

चेनबद्दलही थोडं. गिअर नसलेल्या सायकलची चेन मधोमध बोटानं दाबली तर साधारण अर्धा इंच हलावी. जास्त सैल असली की पडते. आणि अंधारात पडलेली चेन काळ्या हातांनी बसवताना शाळेचा गणवेश, ओढणी आणि वेळ तिन्हींचं वाटोळं होतं. त्यानंतर मुलगी सायकल 'नको' म्हणते. कारण विचारलं तर ती चेन सांगत नाही, 'कंटाळा येतो' सांगते.

आणि दिवा. एकाही सायकलला नव्हता. एकाही! घरातली म्हातारी माणसं सांगतात की पूर्वी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा आणि रात्री कंदील नसला की पोलीस चाकाची हवा सोडायचा. नंतर बाटलीसारखे डायनॅमो आले. रस्त्यावर मोटारी कमी होत्या तेव्हा सायकलला दिवा सक्तीचा होता, आणि आता ट्रॅक्टर, हायवा, डंपर अंगावर येतात तेव्हा तो हौसेचा मामला झालाय. हे कुठलं शहाणपण? सायकलींच्या परावर्तकांच्या दर्जाबाबत केंद्र सरकारनं २०२० मध्ये आदेशही काढलाय. पण सहा महिन्यांत मडगार्ड हलतं, मागचा लाल तुकडा गळून पडतो आणि परत कुणी लावत नाही.

आता येणारे आक्षेप. मला पाठ झालेत.

'एसटी आहे ना. मुलींना पास फुकट आहे, मानव विकासच्या निळ्या बसही आहेत.' आहेत, आणि त्या हव्यातच. पण एसटी तिच्या वेळेला येते. सहाच्या शिकवणीला ती नसते, प्रॅक्टिकल लांबलं तर ती निघून गेलेली असते, आणि वस्तीपासून फाट्यापर्यंतचे दोन किलोमीटर तर कुठल्याच वेळापत्रकात नसतात.

'मग स्कूटी घेऊन देऊ.' तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला? २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि ज्या घरात पाच हजारांची सायकल सरकारी मदतीशिवाय येत नाही तिथं स्कूटीचं नाव काढणं ही थट्टा आहे.

'सायकल दुरुस्त ठेवणं ही ज्याची त्याची जबाबदारी.' हे वाक्य मला हमखास अशा माणसाकडून ऐकायला मिळतं, ज्याची स्वतःची गाडी वर्षातून दोनदा सर्व्हिस सेंटरचा माणूस घरून घेऊन जातो. ज्या मुलीचे आईवडील नोव्हेंबर ते एप्रिल तीनशे किलोमीटरवर ऊस तोडत आहेत, तिनं पान्हा कुठून आणायचा आणि तो चालवायला कुणाकडून शिकायचं? मुलांना निदान वडिलांच्या गाडीशी खेळता-खेळता चार गोष्टी कळतात. मुलींच्या हातात आपण पान्हा देतच नाही.

हे शिकवता येतं का? येतं. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात नव्वदीच्या सुरुवातीला साक्षरता मोहीम चालली होती. तिथल्या जिल्हाधिकारी शीला रानी चुंकत यांनी त्या मोहिमेत बायकांना सायकल शिकवणं घातलं. गावोगाव शिबिरं झाली, शेतमजूर बाया, खाणीत काम करणाऱ्या बाया, शिक्षिका सगळ्या शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलंय. तिथं सरकारनं आधी बाईला सायकलवर बसवलं, मग बाईच सायकली मागायला लागली. आपल्याकडं बसवण्याचा भागच गाळलाय.

पुणेकर वाचकांना हे दुसऱ्या टोकाकडून सांगतो. २०१७-१८ मध्ये पुण्यात भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या होत्या, आठवतंय? अ‍ॅप होतं, जीपीएस होतं, उद्घाटनं झाली. दोन वर्षांत मोडक्या सायकली फुटपाथवर आडव्या पडलेल्या दिसायला लागल्या आणि मग दिसेनाशा झाल्या. त्यामागे कारणं अनेक होती, पण नुसत्या आकड्यानं सायकल रस्त्यावर टिकत नाही हे तेव्हाच दिसलं होतं. पैसेवाल्या शहरात हे झालं, तर पाटोदा-शिरूरच्या वस्तीवर काय होणार?

आणि कंपन्यांचे ते सायकलवाटप! आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी याचा जरा विचार करावा. शे-दोनशे सायकली एकाच मापाच्या येतात, शाळेच्या मैदानात रांगेत लागतात, मागे वीस फुटी फ्लेक्स, पाहुण्यांचे सत्कार, मुली उन्हात तीन तास बसलेल्या. त्या फ्लेक्सच्या पैशांत शाळेला दोन पंप, पान्ह्यांचा एक संच आणि प्रत्येक सायकलला रेडियमची पट्टी आली असती. पुढच्या वेळी तुमच्या हापिसात असा उपक्रम निघाला तर एवढंच विचारा की एक वर्षानंतर यातल्या किती सायकली चालू असतील आणि ते कोण बघणार आहे. उत्तर आलं नाही तर तुमचा एक दिवसाचा पगार देऊ नका.

मला काय हवंय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे 'नुसती टीका' असं कुणी म्हणायला नको.

दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर, म्हणजे गाळप जोरात सुरू होताना, शाळेत एक शनिवार सायकलींचा. तालुक्यातला एक सायकल मिस्त्री बोलवा, त्याला दर सायकलीमागे रोख मजुरी द्या. सीट, हवा, ब्रेक, चेन, रेडियम. त्यानं हे करताना नववीच्या चार मुली शेजारी उभ्या करा, पुढच्या वर्षी त्या करतील. शाळेत पंप आणि पान्हे ठेवा, कपाटात कुलूप लावून नाही, सायकलस्टँडला. योजनेच्या पावतीवर सायकलच्या किमतीबरोबर मागचा-पुढचा दिवा असलाच पाहिजे अशी अट घाला, आणि लागत असतील तर रकमेत तेवढे दोन-तीनशे रुपये वाढवा. आणि कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक ट्रॉलीचं वजन होतंच, तिथंच तिचा मागचा दिवा आणि रेडियमही बघा. दिवा नाही तर काटा नाही. हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉलीला रेडियम लावतानाचे फोटो पेपरात येतात, ते मला पुरे नाहीत. जानेवारीत ते रेडियम दिसतं का, हे बघायचंय.

यात कुठंही मोठा निधी लागत नाही, आणि मला वाटतं म्हणूनच हे होत नाही. मोठ्या गोष्टीची वाट बघायला आम्ही बीडकर तयार असतो. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे १९९५ साली मंजूर झाली आणि बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं आम्ही निवेदनं दिली, मोर्चे काढले, आणि गाडी आली तेव्हा स्टेशनवर उभं राहायला जागा नव्हती. मीही आनंदलो. पण स्टेशनपर्यंत जायला, शाळेपर्यंत जायला, शिकवणीपर्यंत जायला जे वाहन आत्ता, आज, ओसरीत उभं आहे, त्याची सीट दोन इंच वर करण्यासाठी कुणाकडं निवेदन द्यायचं?

तोपर्यंत ज्याला जमेल त्यानं करावं. तुमच्यापैकी बरेच जण मूळचे कुठल्या ना कुठल्या तालुक्यातले आहात. या संक्रांतीला गावी जाल तेव्हा तिळगुळाबरोबर रेडियमची एक गुंडाळी घेऊन जा. चुलतबहिणीची, शेजारच्या पोरीची सायकल बघा. आणि काम तुम्ही करू नका, पान्हा तिच्या हातात द्या.

ता. क. : सीटच्या नटला बहुतेक सायकलींना १३ किंवा १४ चा पान्हा लागतो. नट गंजला असेल तर थोडं खोबरेल सोडून दहा मिनिटं थांबा. थंडीत खोबरेल गोठलेलं असतं, आधी बाटली उन्हात ठेवा.